लेखिकेचा हक्क आणि करारपत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी कित्येकींच्या घरी वह्या आहेत. कोणाच्या वहीत पाककृती, कोणाच्या कविता, तर कोणाच्या माहेरच्या आठवणी. त्यांतून एखादीचे पुस्तक व्हावे, अशी आपणां सर्वांचीच इच्छा आहे. म्हणून कसे लिहावे हे न सांगता, लिहून झाल्यावर कोणत्या कागदावर सही करावी, एवढेच आज मी सांगणार आहे.

रांजणगावची औद्योगिक वसाहत आपल्या शिवारापर्यंत आली आहे. जमिनीचा कागद चार वेळा वाचून घ्यावा, हे कारेगावात कोणी शिकवावयास नको. तीच सावधगिरी वहीलाही हवी. कारण लेखन हीसुद्धा मालमत्ता आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीचे काम म्हणून लिहिलेले सोडल्यास, जी लिहिते तीच त्या लेखनाची पहिली मालकीण. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क ती हयात असेतो राहतो आणि तिच्या पश्चात ६० वर्षे वारसांकडे चालतो.

आता शेत विकणे निराळे आणि खंडाने देणे निराळे. ठोक रक्कम घेऊन 'सर्व हक्क कायमचे' लिहून दिले, की ते खरेदीखत झाले. पुढे दहा आवृत्त्या निघाल्या तरी त्यांवर बोट ठेवणे कठीण. उलट एका आवृत्तीपुरता किंवा ठराविक वर्षांपुरता छापण्याचा परवाना दिला, तर तो खंड, मालकी आपलीच. भगिनींनो, वही खंडाने द्यावी, विकू नये.

हक्क तोंडी देता येत नाहीत. सहीचा लेख लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत, तर, वेगळे ठरलेले नसल्यास, ते सुटतात. परंतु कायदा रिकाम्या जागा भरतो. आपण सही करून भरलेल्या जागा सहसा पुसत नाही.

एका शेतात अनेक पिके निघतात, तसेच पुस्तकाचेही आहे. साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ साली निघाले आणि १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. छपाई, भाषांतर, चित्रपट, ध्वनिपुस्तक हे सारे हक्क वेगळे. छपाईच्या करारात बाकीचे गुपचूप जाऊ देऊ नयेत.

हक्क दिल्यावरही एक गोष्ट आपल्याकडे उरते. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरील चित्रपटात कथेची मोडतोड झाली, म्हणून त्या न्यायालयात गेल्या. लेखनाचा विपर्यास रोखण्याचा लेखिकेचा अधिकार हक्क दिल्याने संपत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले.

तेव्हा सही करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात: प्रती किती, रॉयल्टी शेकडा किती, हिशेब केव्हा, मुदत कोणती, आणि पुस्तक संपूनही पुन्हा छापले नाही तर हक्क परत केव्हा. ज्या कागदाची प्रत आपल्याला मिळणार नाही, त्यावर सही करू नये. माझी एक सूचना आहे. ज्या भगिनीला असा कागद येईल, तिने तो मंडळाच्या बैठकीत आणावा. आपण तो मोठ्याने वाचू, आणि अडेल तेथे वकिलांना विचारू. एकटीला संकोच वाटतो. दहाजणींना वाटत नाही.