मोकळा दिवस

बदरीनारायणाच्या यात्रेला निघणारा मनुष्य एक गोष्ट घरूनच शिकून निघतो. देवळाची कवाडे कधी उघडावयाची आणि कधी मिटावयाची, हे पंचांग सांगते खरे. पण त्या पंचांगाच्या मागे हिमालयातील बर्फ उभा असतो. यात्रेकरूने आपली सवड बर्फाच्या सवडीशी जुळवून घ्यावयाची असते. थंड प्रदेशातील कोणत्याही प्रवासाचा हाच पहिला नियम होय. मग तो प्रवास अलकनंदेच्या काठचा असो, की उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या अलास्काचा.

अमेरिकेने अलास्का रशियाकडून १८६७ साली ७२ लाख डॉलरना विकत घेतला. त्याचा विस्तार भारताच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे. तेथे जाणाऱ्यांत आता भारतातील कुटुंबेही असतात. त्यांत आयुष्यभराच्या शिलकीतून एकदाच हा खर्च करणारी वयस्क दांपत्येही असतात. ही सफर बहुधा दुपेडी असते. कॅनडातील व्हँकूव्हर बंदरातून जहाजाने सुमारे आठवडाभरात सीवर्ड किंवा व्हिटियर हे बंदर गाठावयाचे आणि तेथून रेल्वेने व मोटारीने अंतर्भागात शिरावयाचे. किंवा हाच क्रम उलट करावयाचा. दोन्ही पेड स्वतंत्रपणे सोपे आहेत. कठीण असते ती त्यांची गाठ, आणि योजनेचे खरे कौशल्य त्या गाठीतच आहे.

प्रथम ऋतूचा विचार. जहाजांचा हंगाम साधारणपणे मेपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. जूनच्या अखेरीस फेअरबँक्स येथे सूर्य दिवसाकाठी जवळजवळ बावीस तास क्षितिजावर असतो. रात्र अशी होतच नाही, आणि डासांचा उपद्रवही याच दिवसांत. ऑगस्टच्या उत्तरार्धात अंधार परत येतो आणि त्याबरोबर आकाशातील ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यताही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंड प्रदेश म्हणून पुष्कळजण जाडजूड लोकरी कोट बांधून घेतात. पण उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर प्रवाशाची गाठ पडते ती पावसाशी. केचिकान या बंदरात वर्षाकाठी सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो. कोकणातील मनुष्याला हा आकडा परका वाटू नये. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालावयाचे तीन हलके कपडे आणि वर पाणी न शिरणारे आवरण, हेच तेथे अधिक उपयोगी पडते.

दुसरा विचार कागदपत्रांचा. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परकी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात चढवलेले उतारू, परदेशी बंदराला न लागता, अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवू नयेत, असा त्याचा आशय. मोठी प्रवासी जहाजे बहुतेक परकी नोंदणीचीच असल्यामुळे त्यांना कॅनडाचे बंदर घ्यावेच लागते. २०२१ साली कॅनडाने साथीच्या भीतीने आपली बंदरे या जहाजांना बंद ठेवली, तेव्हा अमेरिकेला तात्पुरता नवा कायदा करून ही अट बाजूला सारावी लागली. या जुन्या कलमाचा अर्थ भारतीय प्रवाशापुरता असा, की त्याच्याजवळ अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे व्हिसा हवेत. तिकिटे आधी आणि व्हिसा मग, असा क्रम धरणारा मनुष्य पैसा धोक्यात घालतो.

आता त्या गाठीकडे वळू. रेल्वेला उशीर झाला तर प्रवासी फलाटावर बसून राहतो. जहाज चुकले तर त्याची सारी सफरच पुढे निघून जाते. जुनो ही अलास्काची राजधानी खरी, पण तिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. तेव्हा पुढच्या बंदरात मोटारीने जहाज गाठू, हा विचार व्यर्थ होय. उन्हाळ्यात व्हँकूव्हरचे घड्याळ भारताच्या मागे साडेबारा तास चालते. इतक्या लांबून आलेल्या शरीराला आणि वाटेत रेंगाळलेल्या सामानाला एक दिवस द्यावाच लागतो. म्हणून जहाज प्रथम असो वा शेवटी, जहाजाच्या आधीचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा.

मोकळा ठेवावयाचा दुसरा दिवस पर्वतासाठी. सीवर्डहून अँकरेजमार्गे फेअरबँक्सला जाणारी ४७० मैलांची रेल्वे १९२३ साली पुरी झाली. तिच्या वाटेवर देनाली राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात उत्तर अमेरिकेचे सर्वोच्च शिखर, २०,३१० फूट उंचीचे. सरकारदरबारी त्याचे नाव २०१५ साली मॅकिन्लीचे देनाली झाले आणि २०२५ साली पुन्हा मॅकिन्ली. पर्वताला त्याची दखल नाही. तो बहुतेक काळ ढगांतच असतो आणि येणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनाच दर्शन देतो. एकाच दुपारी त्याला पाहून पुढे जाऊ म्हणणाऱ्याच्या पदरी बहुधा ढगच पडतात. उद्यानातील रस्ता ९२ मैलांचा; पण जमिनीत गोठून राहिलेले बर्फ वितळू लागल्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये अर्ध्या वाटेवरच्या दरडीपाशी तो बंद करावा लागला. पायाखालची भूमीच जेथे सरकते, तेथे वेळापत्रक ताठ ठेवून चालत नाही.

हे शहाणपण तेथे फार महागात शिकले गेले आहे. १८९६ साली क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि पुढील दोन वर्षांत हजारो माणसे स्कॅग्वे व डाय्या या बंदरांत उतरली. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे घोडेस्वार पोलीस उभे असत. वर्षभर पुरेल इतकी, म्हणजे सुमारे एक टन, सामग्री जवळ असल्याखेरीज ते कोणाला पुढे जाऊ देत नसत. माणसे तीच चढण पाठीवर ओझी घेऊन पुनःपुन्हा चढली. नियम कठोर होता, पण त्याने उपासमार टाळली. आज त्याच स्कॅग्वेहून निघणारी अरुंद रुळांची रेल्वे वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते, आणि उतारू काचेआडून त्या जुन्या पायवाटा पाहतात. त्यांना टनभर शिधा बाळगावयाचा नाही. रोजची औषधे हातातल्या पिशवीत असावीत आणि शाकाहाराची सूचना जहाजाला आगाऊ द्यावी, एवढेच.

शेवटी ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या हिमनद्यांविषयी. १७९४ साली व्हँकूव्हरच्या तुकडीने ग्लेशियर बे या उपसागराचे मुख बर्फाच्या भिंतीने अडलेले पाहिले. १८७९ साली जॉन म्यूर तेथे पोहोचला, तोवर ती भिंत चाळीस मैलांहून अधिक मागे हटली होती. आज त्याच जागेतून जहाजे साठ मैलांहून अधिक आत जातात, तेव्हा कोठे बर्फाचा कडा समोर येतो. डेकवरील माणसे आपसूक बोलणे थांबवितात. निळसर कड्याचा एखादा भाग ढासळतो. तो पाण्यात पडलेला आधी दिसतो आणि त्याचा गडगडाट मागाहून ऐकू येतो.

तो आवाज केव्हा येईल, हे कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते. ज्याने प्रत्येक तास आधीच वाटून टाकला आहे, त्याचे लक्ष अशा वेळी घड्याळाकडे असते. ज्याने एक दिवस मोकळा ठेवला आहे, त्यालाच तो आवाज ऐकू येतो.