पशुवैद्यकांची नोंदवही आणि शेतकऱ्याचा गोठा

(देगलूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



देगलूर भागातील कोरडवाहू शेतकऱ्याची खरी ठेव त्याच्या गोठ्यात असते. लाल कंधारी किंवा देवणी बैलजोडी, एखादी म्हैस, चार शेळ्या यांच्या बळावर त्याचे वर्ष निभावते. जनावर दगावले की पेरणी अडते आणि सावकाराची पायरी चढावी लागते. म्हणूनच त्या जनावराला सुई कोण टोचतो व कोणत्या अधिकाराने टोचतो, हा प्रश्न केवळ डॉक्टरांच्या पेशाचा नाही. तो शेतकऱ्याच्या संसाराचा आहे.

कायदा काय सांगतो? पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय हा घटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय आहे. काही राज्यांनी तसे ठराव केल्यावर संसदेने १९८४ साली भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम संमत केला. महाराष्ट्रात तो १९९७ पासून लागू झाला. त्यानुसार नागपूरची महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद पदवीधर पशुवैद्यकांची नोंदवही ठेवते. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव वगळता येते. नोंदणीवाचून हा व्यवसाय करण्यास मनाई आहे. जनावराच्या आरोग्याचा कायदेशीर दाखलाही नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यावयाचा असतो.

याच अधिनियमाच्या कलम ३० मध्ये एक अपवाद आहे. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा पदविका वा प्रमाणपत्र घेतलेल्यांना देता येतात; मात्र राज्य शासनाची परवानगी हवी आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाची देखरेख व निर्देश हवेत.

सगळी मेख या ‘देखरेख’ शब्दात आहे. महाराष्ट्रात श्रेणी दोनचे दवाखाने शासनानेच उभारले आणि वर्षानुवर्षे ते पशुधन पर्यवेक्षकांच्या भरवशावर चालविले. देखरेख करणारा डॉक्टर दुसऱ्या गावी, कित्येकदा त्याची जागाच रिकामी. २०२५ मध्ये लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांची जाहिरात काढली. अनुशेष किती साचला होता, याची ती सरकारी कबुलीच म्हणावी लागेल. मध्यरात्री गाय अडली, तर शेतकरी नोंदवही पाहत बसत नाही; जो येईल त्याला बोलावतो. उपचार चुकला तर जनावर जाते, आणि विम्यासाठी दाखला मागायला पुन्हा त्याच डॉक्टरचा शोध घ्यावा लागतो.

यावर पदवीधर म्हणतात, बोगस डॉक्टरांना आवरा. पदविकाधारक म्हणतात, आमच्या पोटावर पाय देऊ नका. दोघांचेही म्हणणे निराधार नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा गावोगाव लस टोचण्यास डॉक्टरांबरोबर हे पर्यवेक्षकही राबले. गरज असेल तेव्हा राबवून घ्यायचे आणि एरवी कायद्याच्या संदिग्ध कडेवर उभे ठेवायचे, हा न्याय नव्हे. त्याचबरोबर, शिक्षण नसलेल्याने वाटेल ते प्रतिजैविक टोचावे, ही शेतकऱ्याची सेवाही नव्हे. या दोन वर्गांना झुंजविणे सोपे आहे. रिकाम्या जागांचा जाब मात्र त्यामुळे शासनाला कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. परिषदेवर पशुवैद्यकांनी निवडून दिलेले चार सदस्य असतात. शासननियुक्त सदस्य, महाविद्यालयांचे प्रमुख आणि खात्याचे संचालकही असतात. पण ज्याचे जनावर आहे त्या पशुपालकासाठी कायद्याने एकही जागा राखलेली नाही. पेशाने स्वतःची शिस्त स्वतः राखावी, हे तत्त्व योग्यच. परंतु त्या शिस्तीचा लाभ ज्याला व्हायचा त्याचा आवाज तेथे नसेल, तर परिषद म्हणजे पेशाची पंचायत होऊन बसते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. नोंदणीकृत पशुवैद्यकांची तालुकावार यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत लागावी. देखरेख कोणाची, हे दवाखान्याच्या फलकावर नावानिशी लिहिले जावे. रिकाम्या जागा मुदतीत भराव्यात. पदविकाधारकांच्या सेवांची मर्यादा व मोबदला निश्चित व्हावा. तक्रारीसाठी देगलूरच्या शेतकऱ्याला नागपूर गाठावे लागू नये. ती तालुक्यातच नोंदविता यावी. आणि परिषदेत पशुपालकांचे प्रतिनिधी बसावेत.

उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथून फार दूर नाही. शेजारी विद्या आहे, पुस्तकात कायदा आहे. गोठ्यापर्यंत दोन्ही पोहोचत नाहीत. ते पोहोचविण्याची चळवळ गावागावांतील कार्यकर्त्यांनीच उभी करावयाची आहे.