पावती फाडण्याआधी

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



गणेशोत्सव तोंडावर आला की आम्ही कार्यकर्ते पावतीपुस्तके घेऊन बाहेर पडतो. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर करीत करीत इंदूरच्या नव्या वसाहतींपर्यंत जातो. आज मात्र वर्गणीबद्दल बोलायचे नाही. वर्गणी मागताना आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलायचे आहे.

गेल्या वर्षी आम्ही एका आजोबांकडे गेलो. पत्नीला जाऊन तीन वर्षे झालेली, मुलगा बंगळूरला, मुलगी परदेशात. दार उघडले तेव्हा बैठकीत चार खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. टेबलावर पोहे झाकून ठेवलेले, शेजारी शेव आणि जीरावनची डबी. "बसा रे, तुम्ही येणार म्हणून बाईंकडून मुद्दाम करून घेतलेत," ते म्हणाले. आम्ही म्हणालो, "आजोबा, अजून बावीस घरं बाकी आहेत. पुन्हा येऊ निवांत." पाचशे एक रुपयांची पावती फाडली, नमस्कार केला आणि जिना उतरलो.

त्या उत्सवात आजोबा आरतीला आले नाहीत. ते का आले नाहीत, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. कार्तिकात ते गेले. आम्हांला कळले चौथ्या दिवशी. निवांत जायचे राहिले ते राहिलेच.

मंडळी, आपल्याकडे माणसाला एकटे राहायची सवय नव्हती. वाड्यात कोणी खोकले तरी समोरच्या ओसरीवरून "काढा देऊ का?" असा आवाज यायचा. वाडे पडले, फ्लॅट आले. मुले नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, समुद्रापार गेली. त्यांचा यात दोष नाही. आपलेही पूर्वज पोटापाण्यासाठीच दूरचा मुलूख सोडून माळव्यात आले. पण मागे राहिलेल्या माणसाचे काय? त्यात आपल्या ज्येष्ठांचे एकटेपण दुहेरी असते. दूधवाला, भाजीवाला, शेजारी सगळे हिंदी बोलणारे, आणि चांगलेच लोक. तरी एक आजी आम्हांला म्हणाल्या, "अरे, हे गेल्यापासून घरात मराठी बोलायला देवघरातला बाळकृष्णच उरलाय." यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. तो आकडा आता नक्कीच वाढला आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नाला आपले मंडळ काय पुरे पडणार, असे वाटते. पण आपल्या यादीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची घरे होती अवघी चौदा. मार्गशीर्षात आम्ही चौदा कार्यकर्ते ठरवले. एकाला एक घर, आठवड्यातला एक वार ठरलेला. जमले तर अर्धा तास जायचे, नाही जमले तर फोन करायचा. खर्च शून्य.

यातून आम्ही जे शिकलो ते सांगतो. पहिली गोष्ट, दया घेऊन जाऊ नये. एका आजींनी आमच्या कार्यकर्त्याला दारातूनच परत पाठवले. "मला काही कमी नाही," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तो मंडळाचे जुने फोटो घेऊन गेला आणि म्हणाला, "आजी, यातली माणसं आम्हांला ओळखता येत नाहीत. तुम्ही सांगाल का?" त्या दिवशी त्याला जेवूनच यावे लागले. आज त्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे आहेत, ती त्यांच्याच अक्षरातली. माणसाला विचारपूस हवी असते, पण आपला अजून उपयोग आहे हे त्याहून जास्त हवे असते.

दुसरी गोष्ट, ठरलेला वार चुकवू नये. ज्यांच्याकडे कोणी येत नाही, ते सकाळपासून वाट पाहतात. गेल्या वर्षीच्या त्या पोह्यांनी आम्हांला हे शिकवले.

तिसरी गोष्ट, लहान कामे मोठी असतात. चष्म्याची काडी बसवून आणणे, बल्ब बदलणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, मोबाइलमधली अक्षरे मोठी करून देणे, नातवाशी व्हिडिओ कॉल लावून देणे. अनोळखी माणसाला ओटीपी सांगायचा नाही, हे न रागावता पुन्हा पुन्हा सांगणे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. आता हा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही घरबसल्या होतो. आपल्या तरुणांना ते दहा मिनिटांचे काम आहे, पण आजोबांची बँकेतली रांग वाचते. अडचणीच्या वेळेसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, क्रमांक १४५६७. तो मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवून द्या.

ज्येष्ठांनाही एक विनंती. "मुलांना कशाला त्रास" म्हणून गप्प बसू नका. आम्हांला हाक मारा. हक्काने रागवा. आम्ही तुमचेच आहोत.

या उत्सवात मंडळाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. ज्यांना येववत नाही त्यांना रोज संध्याकाळच्या आरतीला गाडीतून आणू आणि घरी सोडू. जे येऊच शकत नाहीत, त्यांचा प्रसाद शेजाऱ्याच्या हाती न देता कार्यकर्ता स्वतः नेईल आणि बसून येईल. आणि वर्गणीच्या फेरीला चार दिवस जास्त लागले तरी चालतील, पण एकट्या माणसाच्या घरी बसल्याशिवाय पावती फाडायची नाही.

तुम्हीही घरी गेल्यावर आठवून पाहा. आपल्या जिन्यात, आपल्या गल्लीत असे कोण आहे, ज्यांचा आवाज बरेच दिवसांत ऐकलेला नाही? उद्या त्यांचे दार वाजवा. त्यांनी पोहे पुढे केले तर नाही म्हणू नका.

गणपती बाप्पा मोरया!