प्रतिकूल नोंदीची सवय

आपल्या मताला पोषक ते अनायासे स्मरणात राहते आणि प्रतिकूल ते चटकन निसटते, हा मनुष्यस्वभाव ओळखून ज्यांनी त्याचा बंदोबस्त केला, त्या चार्ल्स डार्विन यांची एक सवय मला फार मोलाची वाटते. आपल्या निष्कर्षांविरुद्ध जाणारी हकीकत वाचनात, निरीक्षणात किंवा नुसती मनात आली, तरी ती तत्काळ टिपून ठेवावयाची, हा दंडक आपण अनेक वर्षे पाळला, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. म्हणूनच १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांतावरील अडचणींना त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले. नेत्रासारखे गुंतागुंतीचे इंद्रिय क्रमाक्रमाने कसे घडले असेल, हा बिकट आक्षेप स्वतःच मांडून त्याची छाननी केली. हाच दंडक आपल्या रोजच्या व्यवहारातही लावता येतो: जमीनखरेदीचा बेत पक्का होत आला असता, सातबाऱ्यावरील बोज्याची नोंद ‘पुढे पाहू’ म्हणून बाजूस सारणाऱ्या गृहस्थाने ती त्याच रात्री वहीत उतरवावी. व्यवहार मोडण्यासाठी नव्हे, तर बयाणा देण्यापूर्वी तलाठ्याच्या दफ्तरी जाऊन खातरजमा करता यावी म्हणून.