ओंबिलींचं शिवणकाम

रोहा-मुरूडकडच्या फणसाड अभयारण्यात लोक शेकरू शोधत मान वर करून फिरतात. तेव्हा फांदीवर पानांचा हिरवा गोळा दिसला, तर जरा थांबा. ते ओंबिलींचं, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचं घरटं. एकमेकींची कंबर धरून त्या साखळी करतात आणि दोन पानं ओढून जवळ आणतात. शिवायला धागा? तो अळ्यांचा! मुंगी अळीला तोंडात धरून या पानावरून त्या पानावर फिरवते, अळीतून रेशीम सुटतं. पेणच्या आंबेवाल्यांना मात्र त्यांचा चावाच आधी आठवेल.

गंमत म्हणजे, हुबेहूब अशाच दिसणाऱ्या एका कोळ्याचाही वावर कधीकधी आसपास असतो. पुढचे दोन पाय तो मुंगीच्या मिशांसारखे हवेत धरतो. तेव्हा पाय मोजा: सहा असले तर मुंगी, आठ असले तर कोळी. फक्त फांदी हलवू नका.