सुट्टी नामंजूर

लष्करातून निवृत्त होऊन मी आता बंगळूरात, एचएसआर लेआउटला मुलाकडे राहतो. इथे गल्लोगल्ली स्टार्टअप. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा म्हणाला, "काका, कॉलेज सोडतोय. निखिल कामतांनी तर शाळाच सोडली!"

खरं आहे. सतराव्या वर्षी ते कॉल सेंटरमध्ये होते. पण २०१० मध्ये झिरोधा उभी राहिली, तेव्हा सोबत थोरला भाऊ नितीन होता, आणि तो इंजिनिअर. शिवाय कंपनी स्वतःची. मालकाकडे सर्टिफिकेट मागणार कोण?

मी त्याला माझी एक चूक सांगितली.

मी कंपनी कमांडर होतो. सातारा जिल्ह्यातला एक नाईक यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करत होता. परीक्षेसाठी त्यानं सुट्टी मागितली. नेमका तेव्हाच युद्धसराव. मी म्हणालो, "नकाशावाचनात तुझा हात धरणारा कोणी नाही. डिग्री काय चाटायचीय?" सुट्टी नामंजूर. त्यानं पुन्हा फॉर्म भरला नाही.

चाळिशीच्या आत तो हवालदार म्हणून निवृत्त झाला. जवानाची नोकरी संपते ती अशी, संसार ऐन भरात असताना. तीस माणसं सांभाळलेली, स्टोअरचा हिशेब चोख. एका गोदामात सुपरवायझरची जागा निघाली. ऑनलाइन फॉर्म पदवीच्या रकान्यापुढे सरकेना. केंद्र सरकारच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या पदांसाठी दहावी आणि १५ वर्षांची सेवा असलेला माजी सैनिक पात्र धरता येतो. खाजगी कंपनीला तो नियम लागू नाही. त्याच गोदामाच्या गेटवर तो रात्रपाळीला लागला.

काम डिग्रीनं येत नाही, हे मी आजही म्हणतो. उत्तम आयटीआयवाला फिटर कितीतरी बीएंपेक्षा जास्त कमावतो. पण हातात असं कसब नसेल आणि चाळिशीत नव्यानं दार ठोठवायचं असेल, तर माणूस बघायच्या आधी कागद बघतात. मला हे कळायला हवं होतं. एनडीएनं माझ्या हातात पदवी आयती ठेवली होती, म्हणून कळलं नाही.

मुलानं विचारलं, "मग त्या हवालदारांचं काय झालं?"

गेल्या वर्षी त्यानं पुन्हा नाव नोंदवलं. मी फी भरतो म्हणालो, तर म्हणाला, "फी नको, साहेब. परीक्षेला सुट्टी हवीय. आमच्या मॅनेजरला तेवढा फोन करा."

केला.