डॉक्टरांपुढे बसताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्याकडची बाई दवाखान्यात गेली की आधी म्हणते, "एक सुई द्या, म्हणजे बरं वाटेल." तपासणी नको, सुई हवी! पण तपासल्यावाचून टोचलेली सुई म्हणजे अंधारात भिरकावलेला दगड. मी काही डॉक्टरीण नव्हे. तरी घरच्यांबरोबर दवाखान्यात बसून, काय पाहता, कशासाठी पाहता, हे विचारून घेतले, ते सांगते.

तपासणी दारापासूनच सुरू होते. आपण चालत कशा आलो, बोलताना दम लागतो का, चेहरा सुजला आहे का, हे डॉक्टर जागेवरूनच पाहतात. मग नाडी. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १००, आणि श्वास १२ ते २०. उन्हातून पायपीट करून गेलात तर पाच मिनिटे टेका, चहा नंतर घ्या, नाहीतर रक्तदाब उगाच जास्त भरतो. पुन्हा पुन्हा मोजूनही तो १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर मात्र औषधपाण्याचे पाहावे लागते.

पुढे डॉक्टर खालची पापणी ओढतात, जीभ, नखे, तळहात पाहतात. हे सारे फिकट असेल तर रक्त कमी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक! आणि आपण मात्र "थकवा आहे हो, कामाचा" म्हणून पुन्हा खुरपे हाती घेतो. नखे रंगवून आणि तळहात मेंदीने भरून गेलात तर डॉक्टरांनी पाहावे काय? नडगीवर अंगठा दाबून खळगा तसाच राहिला, तर अंगात पाणी साठले आहे असे समजतात.

तोंड उघडायला सांगितले की आपण लाजतो, ते मिश्रीपायी. म्हाताऱ्याच नव्हे, तरण्याताठ्या सुनाही मिश्री लावतात. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, ही कर्करोगाची चाहूल असू शकते. ते तोंड दाखवायलाच हवे.

लाजेचे म्हणाल तर छाती ऐकण्याची नळीसुद्धा लाजेतूनच निघाली आहे. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून ऐकले. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या, सभेत सांगितले की या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात, बाविशी पुरी होण्याआधी वारल्या.

आता बायका डॉक्टर पुष्कळ आहेत. पण डॉक्टर पुरुष असले, तर तपासताना आपल्याबरोबर दुसरी बाई असावी, असा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. संकोच न करता तसे सांगा. अंग बाहेर येणे, पांढरे जाणे, स्तनात गाठ लागणे, या गोष्टी आपण जावेलाही सांगत नाही, मग डॉक्टरांना कशा कळणार? आणि सासूबाईंनो, सुनेला काय होते ते तिलाच सांगू द्या. "तिला काही नाही, जेवत नाही एवढंच," असे आपण म्हणतो आणि ती मान खाली घालते.

तिशी उलटली की रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांची तपासणी सरकारी केंद्रात होते, आशाताईंना विचारा. जाताना सैल बाहीचे पोलके घाला, जुने कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाका, आणि शेजारणीलाही बरोबर घ्या.